माणूस मुळात कसा, हे ठरवूनच नाटक करायचं का?

प्रश्न बीड जिल्ह्यातल्या धारूर तालुक्यातून आलाय. विचारणारे सर शाळेत शिकवतात आणि आसपासच्या पोरापोरींना घेऊन नाटकं बसवतात. त्यांच्या गटात सध्या दोन तट पडलेत. एक तट म्हणतो, माणूस मुळातच आपमतलबी. नाटकानं, गाण्यानं तो सुधारत नाही, तेव्हा लोकांना शहाणं करायचा नाद सोडून देखणी कला करावी. दुसरा तट म्हणतो, माणूस मुळात चांगला, परिस्थितीनं बिघडवलेला. कलेनं तो जागा होतो, म्हणून प्रत्येक प्रयोगातून संदेश गेलाच पाहिजे. त्यातच, दसऱ्याच्या आधी, ऊसतोड मजुरांच्या टोळ्या निघायच्या तोंडावर जे ऊसतोडीवरचं नाटक करायचंय, त्यातला खाड्याचा, म्हणजे कामावर न आल्याबद्दल पैसे कापण्याचा, प्रसंग काढून टाका असा गावातल्या वजनदार मंडळींचा निरोप आलाय. सरांनी विचारलंय, आम्ही कोणती बाजू धरावी?

सर, भांडण कलेवरून पेटलं असलं तरी तुमची पोरं माणसाबद्दल भांडतायत. दोन्ही तटांनी एक गोष्ट धरूनच ठेवलीय, की माणूस मुळात काहीतरी एकच असतो आणि नाटकाला येऊन बसायच्या आधीच तो तसा ठरून गेलेला असतो. भारुडं करत, पथनाट्यं बसवत, शिबिरं घेत मी बीड, लातूर, परभणीची गावं फिरत आलेय, आणि मला हे पटत नाही. तोच माणूस आठवडी बाजारात वेगळा असतो, ग्रामसभेत वेगळा, मयतीला वेगळा, दिंडीत वेगळा. यातला खरा कोणता, हे शोधत बसण्यात हशील नाही, कारण सगळेच खरे आहेत. कोणत्या बैठकीत त्याच्यातलं काय वर येतं, एवढं मात्र आपल्याला बघता येतं. नाटक करणाऱ्याच्या हातात खरी सत्ता असते ती तिथंच. कोण कुठं बसणार, कोण बोलणार, उलट बोलायची मुभा कुणाला, आपलं हसू आणि आपलं रडू कुणाकुणाला दिसणार, हे आपण ठरवतो.

एकनाथांचं भवानीआईला रोडगा वाहायचं भारूड घ्या. पैठणच्या या माणसानं सोळाव्या शतकात एका सुनेच्या तोंडी काय घातलंय बघा. सासरा गावी गेलाय तो तिकडंच खपू दे, सासूला लवकर ने, नणंदेच्या किरकिऱ्या पोराला खरूज होऊ दे, दादल्यापासूनही सोडव, आणि शेवटी मला एकटीला राहू दे. भर गावात, देवीच्या नावानं, एक बाई अख्ख्या घरादाराचं मरण मागते. निरूपणात पुढं सासर म्हणजे प्रपंच, सासरची माणसं म्हणजे विकार असा अर्थ उलगडतो, पण हसू त्याच्या कितीतरी आधी आलेलं असतं, आणि ते सरळ अर्थाला आलेलं असतं. मी सुनेचं सोंग घेऊन उभी राहते तेव्हा पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्या सासवा सगळ्यात मोठ्यानं हसतात.

ग्रीक तत्त्ववेत्त्या प्लेटोला हे सोसलं नसतं. आपल्या आदर्श नगरातून त्यानं कवींना बाहेर काढलं, त्यामागं हेच भय होतं. तो म्हणतो, जे विनोद स्वतः करायची लाज वाटते ते रंगमंचावर ऐकताना माणूस खुशाल हसतो, आणि जे विकार सुकवायला हवेत त्यांनाच असं पाणी घातलं जातं. त्याचा शिष्य ॲरिस्टॉटल उलट बाजूनं बोलला. अनुकरण माणसाच्या जन्मापासूनच्या स्वभावात आहे, अनुकरणातूनच तो शिकतो, आणि शोकांतिका करुणा आणि भीती जागवून त्याच भावनांचं विरेचन, म्हणजे निचरा, करते, असं त्याचं मत. गुरू-शिष्याची ही दोन मतं आजही तुमच्या तालमीत बसलेली आहेत. चित्रपटानं पोरं बिघडतात म्हणणारा पालक प्लेटोचा. रडून मोकळं वाटलं म्हणणारी बाई ॲरिस्टॉटलची.

मला वाटतं, दोघांनीही प्रेक्षकाला एकटा धरलं. एका माणसाच्या आत काय पेटतं आणि काय निवतं, इथंच त्यांची नजर राहिली. गावातलं भारूड असं एकट्याला भेटत नाही. बत्तीच्या उजेडात सगळे सगळ्यांना दिसत असतात. सासू हसते ते सून बघते, आणि आपण हसलो ते सासूनं पाहिलंय हेही सुनेला कळतं. घराघरात ज्याला त्याला ठाऊक असलेली, पण कुणी कुणाशी न बोललेली गोष्ट त्या घटकेला सगळ्यांच्या समोर ठाऊक होते. सासू त्यानं साध्वी होत नाही, आणि कुणी तसं सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. पण दुसऱ्या दिवशी पाणी भरताना त्या गोष्टीवर बोलायला एक वाट असते, जी आदल्या दिवशी नव्हती. सार्वजनिक आयुष्याला कला काही देत असेल तर ते हे, आणि माझ्या लेखी ते थोडकं नाही.

एकनाथांनी माणसाला चांगला म्हटलं का वाईट? त्यांचं विंचवाचं भारूड आठवा. काम-क्रोधाचा विंचू चावलाय, अंगाला घाम सुटलाय, आणि उतारा सत्त्वगुणाचा आहे. चावलेला माणूस दुष्ट ठरत नाही आणि निरोगीही ठरत नाही. आणि तो कोपऱ्यात कण्हत बसत नाही, चारचौघांत येऊन ओरडतो. तुमच्या दोन्ही तटांपेक्षा मला ही जागा जास्त जवळची वाटते.

आता निरोप पाठवणाऱ्या मंडळींकडे येते, कारण त्यांचं घराणं फार जुनं आहे. भरताच्या नाट्यशास्त्रातल्या पहिल्या अध्यायात पहिल्या प्रयोगाची हकिगत आहे. इंद्राच्या ध्वजोत्सवात देवांनी दैत्यांना हरवल्याचं नाटक झालं. प्रेक्षकांत दैत्यही होते. ते चिडले, विघ्नांना हाताशी धरून त्यांनी नटांची वाचा, हालचाल आणि स्मृती गोठवून टाकली. इंद्रानं ध्वजाचा दांडा उचलून त्यांना झोडपलं, तरी उपद्रव थांबेना. मग विश्वकर्म्याकडून नाट्यगृह बांधून घेतलं, जागोजाग रक्षक देवता बसवल्या. एवढं झाल्यावर ब्रह्मदेव स्वतः दैत्यांशी बोलायला गेला आणि म्हणाला, हे नाट्य एकट्या देवांचं नाही आणि एकट्या तुमचंही नाही, तिन्ही लोकांच्या भावांचं यात अनुकीर्तन, म्हणजे पुन्हा मांडणं, आहे. आपल्या परंपरेनं पहिल्याच प्रयोगात दुखावलेला प्रेक्षक दाखवला, त्याच्याशी बोलायला ब्रह्मदेवाला पाठवला, आणि तरीही नाटक थांबवलं नाही. हे मला विलक्षण वाटतं.

त्याच ग्रंथाच्या शेवटी एक उलटी गोष्ट आहे. भरताच्या मुलांनी ऋषींची टवाळी करणारे प्रयोग केले, ऋषी कोपले आणि त्यांनी नटांना शाप दिला, तुम्ही शूद्र व्हाल. ही कथा मी शिबिरात नेहमी सांगते आणि पोरांना विचारते, यात चूक कुणाची? टवाळी ओंगळ असेलही. पण शिक्षा म्हणून जात खाली ढकलली गेली, ही गोष्ट नजरेआड करू नका. आपल्याकडं गोंधळी, पोतराज, बहुरूपी, तमासगीर यांच्याकडून कला घेतली आणि त्यांना गावकुसाच्या कडेला ठेवलं, ते याच वळणाचं.

फ्रान्समध्ये १७५७ साली तिथल्या विश्वकोशाच्या सातव्या खंडात त्याचे एक संपादक दालाम्बेर यांनी जिनिव्हा शहरावर लेख लिहिला आणि त्यात सुचवलं की तिथं नाटकांना परवानगी द्यावी. जिनिव्हाचाच सुपुत्र असलेल्या तत्त्वचिंतक रूसोनं पुढच्या वर्षी त्याला लांबलचक पत्रातून विरोध केला. माणूस निसर्गतः चांगला, समाजानं बिघडवलेला, असं मांडणारा हाच तो रूसो. म्हणजे तुमच्या दुसऱ्या तटाचा मूळपुरुष, आणि तोच नाटकाच्या विरोधात! स्वतः त्यानं नाटकं लिहिली होती, त्याची संगीतिका १७५२ मध्ये राजापुढं झाली होती, तरीही. त्याची दोन कारणं तुमच्या गटानं नीट ऐकावीत. पहिलं, नाटकगृहात आपण एकत्र जमलो असं वाटतं, पण तिथं प्रत्येक जण एकटा होतो, शेजारच्याला विसरतो. दुसरं, रंगमंचावरच्या दुःखाला अश्रू दिले की माणसाला आपलं कर्तव्य झाल्यासारखं वाटतं, आणि त्या अश्रूंचं मोल त्याला काहीच पडलेलं नसतं. याऐवजी काय करावं? चौकाच्या मधोमध फुलांनी सजवलेला एक खांब रोवा, लोकांना जमवा, बघणाऱ्यांनाच खेळ करू द्या.

दुसरं कारण मला फार टोचतं. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यावरची एकांकिका आपल्याकडं प्रत्येक स्पर्धेत असते. दोर, झाड, मागून हंबरडा, निळा प्रकाश. प्रेक्षक हुंदके देतात, परीक्षक बक्षीस देतात. पण त्या शेतकऱ्याची आडत्याकडची पट्टी, म्हणजे विकलेल्या मालाचा हिशेब, कशी लागली, कृषी केंद्रातली उधारी कोणत्या दरानं फिरली, पोरीच्या लग्नाला सोनाराकडं काय गेलं, बँकेनं कशाला नाही म्हटलं, यातलं काही कुणाला कळलेलं नसतं. मी स्वतः फास रंगमंचावर आणत नाही, दुसऱ्यांनाही आणू नका म्हणते. मरणाच्या देखाव्यानं ज्याच्या घरात ते घडलंय त्याच्यावर घाव बसतो, आणि ज्याच्या घरात घडलेलं नाही तो हलका होऊन घरी जातो.

पण रूसोचा खांब आपल्या गावात रोवायला गेलात तर पहिला प्रश्न येतो, कोणत्या चौकात? देवळापुढच्या पारावर कोण मोकळेपणी बसतं आणि कोण लांब उभं राहतं? रूसोला वाटलं, लोक जमले की एकजीव होतील. त्याच पत्रात बायकांनी घरात राहावं असाही त्याचा सूर आहे, म्हणजे त्याच्या उत्सवातही सगळे नव्हतेच.

इथं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा आक्षेप टाळून पुढं जाता येणार नाही. जातिनिर्मूलनावर १९३६ साली त्यांनी लिहिलेलं आणि करू न दिलेलं भाषण छापून आलं, गांधीजींनी त्यावर टीका केली, तिला उत्तर देताना बाबासाहेब संतांबद्दल बोलले. संतांनी देवापुढं सगळे सारखे असं सांगितलं, माणसामाणसांतल्या झगड्याशी त्यांचा संबंध नव्हता. त्यांनी एकनाथांचंच उदाहरण घेतलं, आणि अस्पृश्याचा विटाळ गंगास्नानानं जातो असं एकनाथांच्याच ग्रंथात आहे, हे दाखवून दिलं. मी एकनाथांची भारुडं करून पोट आणि नाव दोन्ही मिळवलंय, आणि तरी मला हा आक्षेप बिनतोड वाटतो. एकनाथांनी महाराच्या मुखानं जोहार, म्हणजे महारांचा रामराम, घातला. सोळाव्या शतकात पैठणच्या ब्राह्मणानं तो आवाज आपल्या गळ्यात घ्यावा, ही मोठीच गोष्ट होती. पण आवाज घेणारा एक आणि ज्याचा आवाज तो दुसराच, हे त्यातून सुटत नाही. ज्याचा आवाज, तो स्वतः बोलायला उभा राहिला तेव्हा बैठक खऱ्या अर्थानं बदलली. सत्यशोधक जलसे आणि पुढं आंबेडकरी जलसे हे त्याचं रूप. साचा तमाशाचाच घेतला, पण सवाल विचारणारा आणि उत्तर देणारा दोघंही नवे होते. म्हणून जोहार करायचा असेल तर आमच्या संचात तो कोण म्हणणार, हे आम्ही आधी बोलून ठरवतो, आणि निरूपणात बाबासाहेबांचा आक्षेप सांगतो. काही गावांत त्यावर कुरबुर होते. होऊ द्या.

कला माणसाला आपोआप मऊ करते असं ज्यांना वाटतं त्यांनी मराठवाड्याचंच १९७८ साल आठवावं. २७ जुलैला विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव केला आणि इथल्या गावागावांत दलित वस्त्या जळाल्या. जिथं सप्ताह होत होते, हरिपाठ होत होता, सगळ्यांच्या तोंडी अभंग होते, अशाच गावांत. विद्यापीठाच्या नावात बाबासाहेबांचं नाव यायला १४ जानेवारी १९९४ उजाडलं. अभंग खोटे होते असं मी म्हणणार नाही. पण टाळ वाजवताना कोण कुठं उभं होतं, हे ज्यांनी कधी विचारलं नाही, त्यांच्या हाताला अभंगानं अडवलं नाही. आणि मग किल्लारीचा भूकंप आठवा. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, गणपती विसर्जनाची रात्र नुकती सरलेली. इंग्रज तत्त्वचिंतक हॉब्सनं १६५१ मध्ये लिहिलं होतं की धाक घालणारी सत्ता नसली की माणूस माणसाविरुद्ध युद्धाला उभा राहतो. त्या पहाटे ढिगाऱ्यापुढं सत्ता नव्हतीच, आणि लोक हातांनी दगडमाती उपसत होते. सोळा वर्षांच्या आत एकाच मुलखात घडलेल्या या दोन गोष्टी. यातून माणूस मुळात कसा याचा निकाल कुणी काढू शकेल असं मला वाटत नाही.

तुमच्या पहिल्या तटालाही न्याय द्यायला हवा, कारण त्यांची एक बाजू खरी आहे. संदेश आहे म्हणून बेसूर गाणं खपवून घेतलं जातं, पाठांतर कच्चं चालतं, मागच्या रांगेला ऐकू जात नाही, आणि वर लोकांना कळत नाही अशी तक्रार होते. हा प्रेक्षकाचा अपमान आहे. दिवसभर कापूस वेचून आलेल्या बाईचे दोन तास फुकटचे नसतात. पण देखणी कला सार्वजनिक आयुष्याच्या पलीकडं कुठंतरी होते, हे मात्र त्यांनी डोक्यातून काढावं. अजिंठ्याहून देखणं आपल्याकडं काय आहे? तिथल्या सोळाव्या लेण्यात शिलालेख आहे, वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव यानं ते लेणं दान दिल्याचा. मंत्री, दान, भिक्खूंचा निवास आणि भिंतीवर बुद्धाच्या कथा, हे सगळं एकाच दगडात आहे. त्यानं चित्रांची रेषा कुठंही सैल पडलेली नाही.

आता तुमचं नाटक. एक कोयता म्हणून नवरा-बायकोची जोडी उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेते, मुकादम टोळी बांधतो, एखाद्या दिवशी कामावर आलं नाही की खाडा लागतो आणि तेवढी रक्कम कापली जाते, हे तुमच्या प्रेक्षकाला तुमच्याहून जास्त माहीत आहे. पाळीच्या दुखण्यात, बाळंतपणात खाडा. तो चुकवायला कमी वयात गर्भपिशवी काढून घेतलेल्या बाया बीडच्या गावागावांत आहेत, आणि २०१९ मध्ये सरकारला त्यावर समिती नेमावी लागली. हे लोकांना सांगायला नाटक लागत नाही. नाटक लागतं ते यासाठी, की ज्यांना हे माहीत आहे ते सगळे एकमेकांसमोर बसावेत.

म्हणून मुकादमाला मिशा पिळणारा राक्षस करू नका. राक्षस दिसला की लोक टाळ्या वाजवतात, आणि खराखुरा मुकादमही टाळी वाजवून घरी जातो, कारण तो तसा दिसतच नाही. त्याला त्याचा हिशेब द्या. तो कधीकाळी स्वतः कोयता होता. कारखान्याची उचल त्यानं स्वतःच्या नावावर, स्टँपवर सही करून घेतलीय. टोळी पळाली तर वसुली त्याच्या घरावर येते. हे सगळं दाखवा, आणि त्यानं तो सुटतो असं मात्र दाखवू नका. बाई खोपीत पोट धरून पडलीय, वही त्याच्या मांडीवर आहे, पेन हातात आहे. वही त्याच्या हातात दिली ती कारखान्यानं, उसाच्या भावानं, कोरड्या रानानं. पण खाडा लिहायचा की नाही, ही घटका त्याची आहे. परिस्थिती आणि निवड दोन्ही एकाच माणसाच्या अंगावर एकाच वेळी दिसल्या पाहिजेत. तुमच्या दोन्ही तटांचं भांडण मिटायचं तर त्या प्रसंगात मिटेल, किंवा निदान नेमकं तरी होईल.

आणि तिथंच थांबा. पेन कागदाला टेकायच्या आत नाटक थांबवा आणि लोकांना विचारा, यानं काय करावं? ब्राझीलच्या आउगुस्तो बोआल यांनी प्रेक्षकाला उठून पात्राच्या जागी येऊ देणारं नाटक जगभर रुजवलं, त्याचीच ही साधी रीत आहे. आमच्या अनुभवात पहिल्यांदा पुरुष बोलतात, आणि बहुतेक जण मुकादमाची बाजू घेतात: "लिव्ह बाबा, नाही तर तुझं घर जाईल." मग कुणीतरी म्हणतं, अर्धा खाडा लाव. एका गावात मागून एक मावशी म्हणाल्या, "खाडा कारखान्यानं भरावा की, साखर कोण नेतंय?" आणि सगळी बैठक त्यांच्याकडं वळली. तो संवाद कुणाही लेखकाच्या वहीत नव्हता. पण त्या मावशी मागं बसल्या होत्या म्हणून त्यांना बोलायला एवढा वेळ लागला. तेव्हापासून आम्ही बायकांना पुढं बसवतो आणि पहिला प्रश्न त्यांनाच विचारतो.

खाड्याचा प्रसंग काढा म्हणणाऱ्यांना तुम्ही आधी भेटा. निरोपावर निरोप पाठवू नका, समोर जा आणि तो प्रसंग त्यांना अख्खा वाचून दाखवा. बहुतेक वेळा त्यांनी ऐकलेलं वेगळंच असतं. गावातल्या अमुक एका माणसाकडं बोट जाईल अशी कोणतीही खूण, गाडीचा रंग, बोलायची लकब, टोपी घालायची तऱ्हा, त्यात असेल तर ती काढून टाका. त्या माणसाला उलट बोलायला रंगमंच मिळणार नाहीये, म्हणून ती खूण राहू नये. खाडा मात्र काढू नका. तो काढला तर नाटकात दुःख उरेल आणि दुःखाचं कारण जाईल, आणि मग रूसोचा आक्षेप तुमच्यावर शंभर टक्के लागू होईल. त्या मंडळींतला एखादा मुकादम असेल तर त्याला सांगा, प्रसंग थांबल्यावर तुम्हीही उठून बोला. मी पाहिलंय, असं बोलावल्यावर काही जण येतात आणि खरोखर बोलतात.

संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून आधी मंजूर करून घ्या, म्हणजे ऐनवेळी कागदावरून कुणी अडवणार नाही. प्रयोग देवळापुढं ठेवू नका, जिल्हा परिषदेच्या शाळेच्या मैदानात ठेवा. मुकादमाची भूमिका माणूस मुळात आपमतलबी म्हणणाऱ्या पोराला देऊ नका, त्याला ती फार सोपी जाईल. ती दुसऱ्या तटातल्या पोराला द्या, आणि पहिल्याला नवऱ्याची द्या. लाउडस्पीकर रात्री दहाला बंद करावा लागतो, तेव्हा साडेसातला सुरू करा आणि नऊला नाटक संपवा. दहानंतर माईकशिवाय जे बोलणं चालतं त्यात माईक धरायला लाजणारी माणसं बोलतात, म्हणून सामान आवरायची घाई करू नका. कोण काय म्हणालं ते त्याच रात्री लिहून काढा. पहिल्या प्रयोगात बायका बोलल्या नाहीत, तर दुसरा प्रयोग वस्तीवर, दुपारच्या वेळी, फक्त बायकांसाठी करा. टोळ्या निघायच्या आत त्याला दिवस मिळाले पाहिजेत, म्हणून पहिल्या प्रयोगाची तारीख घटस्थापनेच्या आधीची घ्या.